वरच्या मजल्यावरची उचकी

उचकीच होती ती. हसू नका, मला आधी पूर्ण सांगू द्या, मग काय हसायचं ते हसा. दार जेमतेम पंजा जाईल एवढं उघडलेलं, फटीत एक डोळा आणि काळ्या रुमालाची कड, आणि तो डोळा मला सांगतोय, "माझ्याकडे मूल नाही गं बाई, देव तुझं भलं करो, पुढे जा," आणि नेमकं तेव्हाच तिच्या मागे, आत कुठेतरी, हिक्. एवढंसंच. पाण्यात खडा पडावा तसं. आणि माझी ही जीभ! सकाळपासून जिने चढून डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणा, पण मी खुदकन हसले आणि बोलून गेले, "आई गं, काय गोड उचकी आहे!" माशाअल्ला नाही, देवाचं नाव नाही, काही नाही. नजर लागेल असं उघडंनागडं कौतुक, आणि ते कुठे, तर ज्या दारामागे मूल लपवलंय त्याच दारात. दार असं आपटलं की चौकटीतली माती माझ्या पापण्यांवर पडली. मागे जिन्यात अब्ला कौसर कमरेवर हात ठेवून दम खात उभ्या होत्या. आमच्या दवाखान्यातल्या सगळ्यात जुन्या नर्स त्या, जोडीतल्या मोठ्या, म्हणून अब्ला म्हणायचं. त्या म्हणाल्या, "नगला, तुझं तोंड आहे की फाटकी पिशवी? सगळं गळतंय."

मी पुन्हा दार वाजवलं. हळू, मग जोरात. "बहिणी, माशाअल्ला, माशाअल्ला, देव राखो त्याला," असं मी दाराच्या लाकडाला सांगत होते, पण उशिरा म्हटलेलं माशाअल्ला म्हणजे बस गेल्यावर हात दाखवणं. आतून काहीच नाही. आणि मग वास आला. ओळखीचा, नाकात टोचणारा. दाराखालून धूप आणि तुरटी जळल्याचा वास यायला लागला, आणि मला कळलं की आत काय चाललंय. लहानपणी मला ताप आला की माझी आजी करायची ते. कागदाची बाहुली कापायची, सुईनं टोचायची, हिच्या डोळ्यातून, तिच्या डोळ्यातून, ज्यानं बघितलं आणि देवाचं नाव घेतलं नाही त्याच्या डोळ्यातून, आणि मग तुरटीबरोबर निखाऱ्यावर टाकायची. म्हणजे आत्ता आत ती जी बाहुली जळत होती ती मी होते. दवाखान्याच्या पांढऱ्या कोटातली, खांद्याला लशीचा गार डबा लटकवलेली नगला. खरं सांगू, मला डोळ्यात थोडंसं टोचलंही. चौकटीतली माती असेल. पण मी डोळे चोळत उभी राहिले आणि विचार करत बसले की ज्या पोराला पोलिओपासून वाचवायला मी एवढे जिने चढले, त्याच्या घरात आजचा सगळ्यात मोठा रोग म्हणजे मीच.

"चल," अब्ला म्हणाल्या. "दार बंद म्हणून खडूनं खूण कर आणि चल. नंतर दुसरं कुणी येईल."

"आज मोहिमेचा शेवटचा दिवस आहे, अब्ला. नंतर म्हणजे पुढच्या फेरीत. आणि पुढच्या फेरीत ही दार उघडेल असं वाटतं तुम्हाला?"

"मग काय पोलीस बोलवू? अगं, ह्या साबरीनची दोन मुलं पाळण्यातच गेली. गल्लीतल्या प्रत्येक बाईला कुणाची ना कुणाची आई म्हणतात, उम्म हसन, उम्म वर्दा, आणि हिला अजून नुसतं साबरीन. तिच्या दारात जाऊन तू गोड म्हणालीस. मी तिच्या जागी असते तर तुला जिन्यावरून ढकललं असतं."

अब्ला उतरायला लागल्या. मी पण उतरले, पण कसं सांगू, माझे पाय उतरत होते आणि कान वरच राहिले होते. हिक्. एका मजल्यावर कुणी कांदे तळत होतं, पुढच्या मजल्यावर रेडिओवर मॅच चालू होती आणि एक म्हातारा गोलकीपरला त्याच्या बापावरून शिव्या घालत होता, आणि ह्या सगळ्याच्या खाली, वर, आत, तीच उचकी. डब्याचा पट्टा खांद्यात रुतलेला, बर्फाच्या पिशव्या पार वितळायला आलेल्या, चालताना डबा मांडीवर आपटून डुबुक डुबुक करायचा. मी पायरीवर थांबून डबा उघडला आणि बाटली बघितली. बाटलीवर एक गोल असतो आणि गोलाच्या आत एक फिकट चौकोन. उष्णता लागली की चौकोन काळवंडत जातो, गोलाइतका गडद झाला की बाटली फेकायची. माझा चौकोन अजून फिकट होता. पण बघत राहिलं की तो आत्ता, आपल्या डोळ्यांसमोर गडद होतोय असं वाटायला लागतं. मी पटकन झाकण लावलं. आज माझ्या नजरेवर माझाच विश्वास उरला नव्हता.

खाली गल्लीत गटार तुंबलेलं होतं. नेहमीसारखंच. आमच्या ह्या इम्बाबा वस्तीत ते तुंबलेलं नसतं तेव्हा लोक एकमेकांना विचारतात की काय झालं. पोरं त्या पाण्यात चपला सोडून त्यांच्या शर्यती लावत होती. आणि त्या आधीच्याच महिन्यात मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला दवाखान्यात बसवून सांगितलं होतं की आपल्या भागातल्या गटाराच्या पाण्यात पोलिओचा विषाणू सापडलाय. आजारी मूल एकही सापडलं नव्हतं, फक्त पाणी. तेव्हापासून मला ते पाणी नुसतं पाणी दिसतच नव्हतं. तो त्या पाण्यात आहे म्हणजे कुणाच्या तरी पोटातून आलाय, म्हणजे तो इथेच राहतो, आमच्यात, आमच्या जिन्यांवरून चढतो उतरतो, दार वाजवत नाही, माशाअल्ला म्हणत नाही, कोण गोड आहे ते मोठ्यानं सांगत नाही. त्याच्यासाठी कुणी बाहुली जाळत नाही. तो गुपचूप वर जातो. माझ्यापेक्षा कितीतरी हुशार.

मला तर तो लहानपणापासून माहीत होता. आमच्या घरात त्याची खूण मुख्तारमामाच्या डाव्या पायात होती. मुख्तारमामा, आईचा धाकटा भाऊ, शिंपी, आणि इतका चांगला शिंपी की लग्नसराईत नवरे मुलगे त्याच्या दुकानाबाहेर रांग लावून उभे राहायचे. स्वतःच्या पँटचा डावा पाय तो अरुंद शिवायचा, म्हणजे आतल्या त्या काडीभोवती कापड फडफडू नये. इस्त्री मी करायची. उजवा पाय रुंद, डावा अरुंद, आणि मला बरीच वर्षं वाटायचं की पुरुषांच्या पँटी अशाच असतात. तो म्हणायचा, "माझा डावा पाय अजून नऊ महिन्यांचाच आहे, नगला. ताप आला त्या दिवशी जो झोपला तो उठलाच नाही. बाकीचा मी मोठा झालो, त्याला उठवायला विसरलो." आजीला वाटलं होतं दात येतायत. दात! मामा मला शाळेत सोडायला यायचा आणि मी त्याचा हात धरून चालायची, आणि हात धरला की चाल पण धरावी लागते, नाहीतर हात सुटतो. एक पाऊल टाकायचं, मग थांबायचं, कमरेतून उचलायचं, गोल फिरवून पुढे आणायचं, ठेवायचं. टाक, उचल, फिरव, ठेव. शाळेच्या फाटकाशी त्यानं हात सोडला तरी माझं शरीर दोन-चार पावलं तसंच जायचं. अजूनही फार दमले की मला ती चाल माझ्या कमरेत कुठेतरी बसलेली जाणवते, भाडेकरूसारखी. आणि त्या दिवशी मी फार दमले होते. वर उचकी, खाली पाणी, कमरेत मामा. मी गल्लीच्या मधोमध उभी राहिले आणि अब्लांना म्हटलं, "मी जाणार नाही."

"मग इथेच थांब, गटारात चपला सोड," अब्ला म्हणाल्या, पण त्याही थांबल्या. त्या बोलतात तशा नाहीत.

गल्लीच्या तोंडाशी हज्जा दौलतची गाडी आहे. तामिया तळते ती, डाळीचे हिरवे वडे, आणि अख्ख्या गल्लीत काय चाललंय ते तिच्या कढईत उमटतं. रुंद बाई, दोन्ही हातांत बांगड्या, डोक्याला पांढरा रुमाल, आणि आवाज असा की नदीपलीकडे ऐकू जावा. मी तिच्याकडे गेले आणि विचारलं, "हज्जा, वरच्या मजल्यावरच्या साबरीनचं बाळ केवढं आहे?"

तिनं झारा खाली घेतला नाही. "साबरीनला बाळ नाही."

"हज्जा, मी आत्ता उचकी ऐकली."

"ऐकली असशील. साबरीनला बाळ नाही."

"मग उचकी काय मांजराला लागली?"

"उचकी माझी आहे," दौलत म्हणाली. आणि वडे पलटत राहिली, जसं काही तिनं फार साधं सांगितलं होतं. मग माझं तोंड बघून तिला दया आली असावी. "पोरगं माझंय, वेडे. मी विकत घेतलंय. सातव्या दिवशी तिच्या उंबरठ्यावर उभी राहिले, मूठभर मीठ दिलं आणि पोरगं घेतलं. ती फक्त दूध पाजते. सांभाळायला दिलंय मी तिच्याकडे. नाव ठेवलंय शहाता, मागून आणलेला भिकारी, म्हणजे वरून कुणी न्यायला आलंच तर त्यालाही वाटावं की ह्यात काय न्यायचं. दोन गेल्यावर तिसऱ्याला कोण आपलं म्हणेल? तू म्हणशील?"

अहो, मी तिथेच उभी राहिले आणि माझ्या डोक्यात एकेक दिवे लागत गेले. आम्ही दारात जाऊन काय विचारतो? तुमची मुलं किती, कुठे आहेत, आणा. आणि ती बाई मला खोटं बोललीच नव्हती! तिनं मूल विकलं होतं, ते माझं आहे हे ती तोंडानं म्हणूच शकत नव्हती, म्हटलं की व्यवहार मोडला, आणि व्यवहार मोडला की वरचा हात खाली आला. मी मघापासून चुकीचं दार वाजवत होते. परवानगी वर नव्हतीच. ती इथे खाली तेलात तळली जात होती.

"मग हज्जा, तुमच्या पोराला दोन थेंब पाजायचेत," मी म्हटलं. "चला."

आणि दौलत, जिला मी कधी कुणापुढे दबलेलं बघितलं नाही, तिचा झारा थांबला. "मी नाही हो म्हणणार," ती म्हणाली, आणि आवाज एकदम बारीक. "हसू नकोस. तिचं पोरगं असतं तर मी तिला ओरडून सांगितलं असतं, पाज गं. पण ते माझ्या नावावर आहे. मी हो म्हटलं आणि रात्री त्याला ताप आला तर? तिची दोन देवानं नेली. हे तिसरं दौलतनं मारलं असं होईल. ती माझ्याकडे रोज वडे घ्यायला येते. मी तिच्या तोंडाकडे कसं बघू?"

अब्ला कौसर पुढे झाल्या आणि ते सगळं सांगायला लागल्या जे आम्ही सांगतो. की लाखो मुलांना दिलंय, की ताप यायचा तर तो थेंबांनी नाही, की मक्केला जाणारे पण घेतात. दौलत मान हलवत होती, हो हो, बरोबर, आणि एक पाऊल हलत नव्हती. मला तिचं म्हणणं कळत होतं, तेच तर वाईट होतं. तिच्याकडे भीतीला एक चेहरा होता, साबरीनचा, रोज सकाळी वडे घ्यायला येणारा. आमच्याकडे काय होतं? न दिसणारं काहीतरी, पाण्यात. न दिसणाऱ्याला कोण घाबरतं?

आणि मग मी काय केलं ते मी ठरवलं नव्हतं. खरंच नाही. मी डबा अब्लांच्या हातात दिला आणि चालायला लागले. गल्लीच्या मधून, सगळ्यांसमोर, दवाखान्याचा कोट घालून. टाकलं, थांबले, कमरेतून उचललं, गोल फिरवलं, ठेवलं. पहिल्या पावलाला कढईजवळचे लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "डॉक्टरीणबाईंना काय चावलं?" पोरं चपला सोडून माझ्यामागे आली. माझे कान तापले, मला वाटलं आता जमिनीत जावं, पण पाय थांबेनात, कारण ती नक्कल नव्हती ना. माझ्या हातात मामाचा हात होता. मला त्याच्या बोटांवरच्या सुईच्या खुणा जाणवत होत्या, शिलाई मशीनच्या तेलाचा वास येत होता, आणि पहिल्यांदाच मला कळलं की हे किती दमवणारं आहे, किती, म्हणजे प्रत्येक पाऊल हा एक निर्णय आहे, आणि माझा मामा मला रोज शाळेत सोडायचा आणि परत जायचा. मी काकडीवाल्याच्या टोपल्यांपर्यंत गेले, वळले, परत आले. परत येताना कुणी हसत नव्हतं. दौलत बघत होती. तिच्या कढईतले वडे काळे पडत होते आणि ती बघत होती.

"हा माझा मुख्तारमामा," मी म्हटलं. मला धाप लागली होती. "नऊ महिन्यांचा होता. आजीला वाटलं दात येतायत. हज्जा, तुमचा शहाता केवढा आहे?"

दौलतनं कढईकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे. मग खाली वाकून गॅस बंद केला, झग्याला हात पुसले आणि गिऱ्हाइकांना ओरडली, "चला निघा, दुकान बंद! मालकीण पोराला औषध पाजायला चाललीय!"

ती जिना चढली म्हणजे काय चढली! प्रत्येक मजल्यावर थांबायची, कठड्याला धरायची, जिना बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि पुढे. मी मागे, अब्ला माझ्या मागे, आणि अब्लांच्या मागे उम्म हसन आणि त्या गोलकीपरवाल्या म्हाताऱ्याची सून आणि आणखी कोण कोण, ज्यांना काही कळलं नव्हतं पण चुकवायचं नव्हतं. वर पोचल्यावर दौलतनं दारावर मूठ हाणली. "उघड गं! माझं पोरगं दे बाहेर!"

मग फट. मग तोच डोळा. तो डोळा दौलतवरून माझ्यावर आला आणि घाबरला, आणि मला वाटलं, झालं, आता पुन्हा आपटणार. पण दौलतनं फटीत आपलं पाऊल घातलं होतं. "हिला घाबरू नकोस," ती म्हणाली, "हिची नजर वाईट नाही, हिला अक्कल कमी आहे. आण ते माकड."

"माझ्याकडे..." साबरीन म्हणाली आणि थांबली.

"तुझ्याकडे काही नाही, माहितेय मला. माझं जे तुझ्याकडे ठेवलंय ते आण."

आणि साबरीन आत गेली आणि त्याला घेऊन आली. मुलीचा झगा घातलेला, जुना, तीन वेगळ्या घरांतून मागून आणलेल्या कपड्यांचा जोडून शिवलेला, तोंडाला मुद्दाम न पुसलेली पेज, केसांत, गळ्यात निळे मणी. आणि त्या सगळ्याच्या आत, काय सांगू तुम्हाला! पापण्या अशा लांब की गालावर सावली पडत होती. गाल म्हणजे नुसते भाजलेले बन. माझ्या तोंडात ते शब्द भरून आले, माझे दात त्यांना अडवून धरत होते. साबरीन माझ्या ओठांकडे बघत होती. फक्त माझ्या ओठांकडे.

"ई!" मी म्हटलं. "हे काय आहे? नाक आहे का बटाटा?"

साबरीनच्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरलं. मी बघितलं ते.

"बटाटा बरा," दौलत म्हणाली. "बटाटा निदान उकडून खाता येतो."

"माझ्या सासऱ्याचं थोबाड आहे हे," मागून उम्म हसन म्हणाली. "देव माफ करो, दोघांनाही."

"कान बघा, कान! वारा आला तर उडून गिझाला जाईल."

"रंग तर कढईच्या बुडाचा."

आणि शहाता, सगळ्या बायका आपल्याकडे बघून बोलतायत म्हणून इतका खूष झाला की दोन्ही पाय झाडायला लागला. दोन्ही. डावा पण, उजवा पण, साबरीनच्या पोटावर धडाधड. मी त्या पायांकडे बघत राहिले आणि मला वाटलं की मी आता रडणार, म्हणून मी पटकन डबा उघडला. बाटलीवरचा चौकोन फिकट होता. खरंच फिकट, अब्लांनीही बघितला. दौलतनं पोराचं डोकं तिच्या त्या मोठ्या हातात धरलं, मी गाल दोन्हीकडून दाबले, तोंड माशासारखं उघडलं, एक थेंब, दोन थेंब. आणि त्या भिकाऱ्यानं जीभ बाहेर काढून सगळं थुंकलं. माझ्या कोटावर.

साबरीनच्या तोंडातून आवाज निघाला. "नको आहे त्याला. बघा, नको आहे."

"त्याला आंघोळ पण नको असेल," अब्ला कौसर मागून म्हणाल्या. "पुन्हा दे, नगला. थुंकलेलं धरत नाहीत."

पुन्हा. ह्या वेळी गाल दाबले आणि सोडलेच नाहीत. एक. दोन. त्यानं डोळे विस्फारले, चव कळली, तोंड वाकडं केलं, आणि जिन्यावरच्या सगळ्या बायकांनी न ठरवता आपापलं तोंड मिटलं आणि गिळलं. शपथ. सगळ्यांनी. आणि मग त्याच्या त्या बारक्या गळ्यातून एक लाट खाली गेली. मी बघितली. मग त्यानं टाहो फोडला, असा खणखणीत, संतापलेला, की खालच्या मजल्यावरची मॅच ऐकू येईना. माझ्या आयुष्यात मी इतकं सुंदर काही ऐकलं नाही, पण मी म्हटलं, "काय गाढवाचा आवाज आहे!" आणि दौलत खिडकीकडे धावली आणि तिच्या त्या नदीपलीकडे जाणाऱ्या आवाजात सगळ्या गल्लीला सांगितलं, "झालं! माकडानं गिळलं!" आणि खालून कुणीतरी ओरडलं, "मग आता वडे देणार का?" आणि दुसऱ्या खिडकीतून एका बाईनं जी किलकारी सोडली, लग्नातल्यासारखी, लांबलचक, जीभ हलवत, ती ऐकून तिसऱ्या खिडकीतून, मग गच्चीवरून. कुणाला माहीत होतं कशासाठी? कुणाला नव्हतं.

मी शाईचं पेन काढलं. थेंब दिले की डाव्या करंगळीच्या नखाला खूण करायची असते, म्हणजे कळतं. त्याची मूठ उघडणं थेंब पाजण्याइतकंच अवघड निघालं. उघडली, नखाला जांभळी शाई लावली. "गालाला पण फास जरा," उम्म हसन म्हणाली, "दिसू दे आणखी घाणेरडा," आणि मी नियम सोडून गालालाही एक ठिपका दिला. सगळ्या हसल्या. मग दौलत खिडकीत, बायका खिडकीत, अब्ला कुणाला तरी पाणी मागतायत, सगळ्यांची पाठ आमच्याकडे.

साबरीन अजून तिथेच उभी होती, पोराला खांद्यावर थोपटत. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिनं तिचा डावा हात पुढे केला, असा, कुणाला दिसणार नाही इतका कमरेजवळ, आणि करंगळी बाजूला काढली. मला आधी कळलंच नाही. मग तिनं करंगळी जरा हलवली, जसं लहान मूल हट्टानं हलवतं तशी.

मी तिच्या नखाला शाई लावली. तिनं ती फुंकर मारून वाळवली. मग खांद्यावरच्या त्या ओरडणाऱ्या पोराचा हात हळूच उचलला, त्याची जांभळी करंगळी आपल्या जांभळ्या करंगळीशेजारी धरली, आणि दोन्हींकडे बघत राहिली, तोंडानं 'माझा' असं न म्हणता.